त्रेसष्ट दगड

आमच्या गावात, प्रासुरात, वाटेवर दगड दिसला की माणूस थांबतो. चर्चला निघालेला असो की गाय विकायला, तो वाकणार, दगड उचलणार आणि कडेला ठेवणार. बापजाद्यांनी लावलेली खोड आहे. मी तर गावच्या वाटांचा मुकादम, एकतीस वर्षं झाली. माझ्या वाटेवर कोणाला ठेच लागली की मला जेवण जात नाही. आणि त्या उन्हाळ्यात माझ्याच वाटेवर हेलिकॉप्टरने दगड आणून टाकले! माझं काय झालं असेल, तुम्हीच सांगा.

झालं असं. गावातून वरच्या पठारावर खुर्च्यांचा रोपवे जातो, आणि तो संपतो तिथे माझ्या थोरल्या बहिणीची, नेसाची, खानावळ. बावीस वर्षं ती तिथे जवाचं सूप आणि अक्रोडाचा टार्ट विकते. नवरा गेल्यावर तिला दुसरं काही उरलंच नाही. पण हल्ली हिवाळ्यात बर्फ धड पडत नाही, स्कीवाले फिरकत नाहीत, आणि रोपवेची कंपनी म्हणाली, आम्ही गाशा गुंडाळतो. गावाने हातापाया पडून विचारलं, काय केलं तर राहाल? कंपनी म्हणाली, सायकलवाले आणा. डोंगराच्या माथ्यावरून जीव मुठीत धरून सायकल खाली पिटाळणारे असतात ना, ते. शेजारच्या गावांत सोप्या निळ्या वाटा आहेत, मधल्या लाल आहेत, पण काळी, म्हणजे सगळ्यांत अवघड, अख्ख्या खोऱ्यात एकही नाही. सायकल संघाचा काळा शिक्का मिळवा, दहा वर्षं रोपवे चालू. नाही मिळाला, तर येत्या सप्टेंबरात कुलूप. आणि रोपवे गेला की खानावळ गेलीच. पिठाची पोती पाठीवर घेऊन कोण चढणार तिथवर?

म्हणून शहरातून किलियान आला. त्याच्या कार्डावर ‘पर्वतीय अनुभवांचा शिल्पकार’ असं छापलं होतं. माझी वाट वरपासून खालपर्यंत चालला आणि खाली येऊन मान हलवत म्हणाला, “वाट मेलेली आहे.”

“म्हणजे काय हो?” मी विचारलं.

“हिच्यात काही घडतच नाही.”

“अहो, काही घडू नये म्हणूनच तर गाव मला पगार देतं!”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं जनावरांचा डॉक्टर म्हाताऱ्या बैलाकडे बघतो. पुढच्याच आठवड्यात हेलिकॉप्टर घोंघावायला लागलं. दगड आले. आमच्या डोंगरातले नव्हे, शेजारच्या खोऱ्यातले. आमच्या दगडांना म्हणे कोपरे बरोबर नाहीत. एकूण त्रेसष्ट. ते त्याने वाटेत पेरले, मध्ये मातीचे उंचवटे घातले, दोन ठिकाणी वाट कापून पुरुषभर खाली नेली. मी एकतीस वर्षांत जेवढं नीट केलं होतं, तेवढं या बाबाने तीन आठवड्यांत बिघडवलं, आणि वर गावाने त्याला जेवण दिलं.

मी खानावळीत बसून बडबडत होतो, तेव्हा नेसाने पळी आपटली. “बाल्त्सर, तोंड बंद ठेव. ते दगड नाहीत, माझं पोट आहे. एकालाही हात लावलास तर याद राख.”

“नाही लावत गं बाई.”

“शपथ घे.”

घेतली. मनापासून घेतली, हे लक्षात ठेवा.

तपासणी रविवारी ठरली. आणि गुरुवारी दुपारी अशी गारपीट झाली, की वरची दरड सुटून सगळी वाटेवर आली. शुक्रवारी सकाळी जाऊन बघितलं आणि कपाळावर हात मारला! चारशे दगड पडलेले. त्यातले त्रेसष्ट किलियानचे आणि बाकी देवाचे. कुठला कोणाचा, काही पत्ता नाही. उंचवट्यांच्या मागे गुडघाभर पाणी तुंबलेलं.

किलियानला फोन लावला. तो कुठल्याशा दुसऱ्या डोंगरावर दगड टाकत होता.

“सोपं आहे,” तो म्हणाला. “पडलेले काढा, ठेवलेले ठेवा.”

“अहो, पण ओळखायचे कसे?”

“नकाशा पाठवलाय ना? प्रत्येक दगडाला क्रमांक आहे.”

“क्रमांक नकाशावर आहेत, दगडांवर कुठे आहेत?”

“छे, छे, दगडावर आकडा कोण लिहितो? उत्तम ठेवलेला दगड तोच, जो आपोआप पडल्यासारखा दिसतो.” एवढं अभिमानाने सांगून त्याने फोन ठेवला.

शनिवारी गावकीचं काम होतं. आमच्याकडे वर्षातून एकदा घरटी एक माणूस वाटांच्या कामाला येतोच. न येणाऱ्याचं नाव ग्रामसभेत मोठ्याने वाचतात, आणि ते नाव त्याच्या नातवंडांनाही ऐकवतात. एरवी तीसेक माणसं येतात. त्या शनिवारी एकोणऐंशी आली. नेसाच्या सुपावर वाढलेलं गाव ते, कोण घरी बसणार? गावाचा अध्यक्ष क्लाउ कारंज्याच्या कट्ट्यावर चढला. हा माझा शाळेतला मित्र. भाषणाची संधी दिसली की याला राहवत नाही. म्हणाला, “मंडळी, उद्या वाट अशी दिसली पाहिजे की तपासणाऱ्याला बोट ठेवायला जागा नको!”

तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

पहिला तास आम्ही अगदी जपून काम केलं. नकाशा उलटा धरला, सुलटा धरला. एकेका दगडाभोवती दहा-दहा माणसं उभी.

“हा किलियानचा,” तुमाश सुतार म्हणाला.

“कशावरून?”

“बघ की, कसा आपोआप पडल्यासारखा दिसतोय.”

“मग आपोआपच पडला असेल, गाढवा!”

बार्लाआजी, वय वर्षं ब्याऐंशी, पहारीवर हनुवटी टेकून हे ऐकत होती. ती म्हणाली, “पोरांनो, मला विचाराल तर देवानेही चूक केली आणि त्यानेही. दोघांचे उचला, आणि मला जेवायला घरी जाऊ द्या.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुकादम मी. शपथ आठवत होती, नाही कशाला म्हणू? पण दरड तशीच राहिली तर वाट बंद आहे म्हणून तपासणीच होणार नव्हती, आणि तासाभरात आम्ही जेमतेम पाच दगडांचा निकाल लावला होता. मी मनात हिशेब केला: चुकून त्याचे चार-सहा गेले तर कोणाला कळतंय? आणि म्हणालो, “शंका आली तर काढा.”

झालं. एकोणऐंशी माणसांना एकदम शंका आली! पहारी सुटल्या, घमेली फिरली, कोणीतरी गाणं धरलं. उंचवट्यांमागचं पाणी काढायला चर खणले, आणि चर खणता खणता उंचवटे कुठे गेले ते कळलंच नाही. वाट कापलेल्या दोन्ही ठिकाणी तुमाशने सुंदर उतार करून दिला. काढलेल्या दगडांचा कडेने गडगा रचला, कमरेएवढा, सरळ, ओळंब्यात. मी थांबवायला हवं होतं. पण हात चालत होते, ऊन छान होतं आणि किती वर्षांनी सगळं गाव एकत्र काम करत होतं. चार वाजता मी वळून वर बघितलं. खोटं कशाला बोलू? इतकी देखणी वाट मी जन्मात केली नव्हती. माझे डोळे भरून आले.

रविवारी सायकल संघाची अनिना आली. पोरगी चुणचुणीत, गुडघ्यांवर, कोपरांवर, छातीवर चिलखत. रोपवेने वर गेली. आम्ही सगळे खाली ताटकळत उभे. अवघड वाटेला पंचवीस मिनिटं लागतात, किलियान सांगत होता. तो मुद्दाम फोटो काढायला आला होता. सहाव्या मिनिटाला अनिना समोर हजर. एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात नेसाने दिलेला टार्ट, अर्धा खाल्लेला.

“माझे दगड!” किलियान किंचाळला. “कुठे आहेत माझे दगड?”

“त्या गडग्यात,” तुमाश म्हणाला. “मोजून घ्या. तुमचे त्रेसष्ट आहेत आणि वर बोनसही आहे.”

अनिनाने तोंडातला घास संपवला. “मी चौदा देशांतल्या वाटा तपासल्या आहेत,” ती म्हणाली, “इतकी नीट राखलेली वाट कुठेच पाहिली नाही. खरंच. कोणी केली?”

एकोणऐंशी बोटं माझ्याकडे वळली. आणि हो, एक क्षण माझी छाती फुगली. मूर्ख माणूस मी.

क्लाउने घसा खाकरला. “म्हणजे... काळा शिक्का?”

“काळा?” ती बिचारी खरंच ओशाळली. “अहो, निळासुद्धा नाही देता येणार. ही वाट बाबागाडीची आहे.”

सगळं मुसळ केरात. क्लाउने कंपनीला तीन पत्रं लिहिली. तीन आठवडे द्या, सगळं पुन्हा बिघडवून देतो, म्हणाला. कंपनीचं उत्तर आलं, मुदत संपली. किलियानचं मात्र काही अडलं नाही. त्याने आमच्या गडग्याचा फोटो काढला आणि आता तो म्हणे दुसऱ्या गावांना ‘पारंपरिक दगडी अनुभव’ म्हणून विकतो.

वर जाऊन नेसाला मीच सांगितलं. ती शिव्या देईल, पळी फेकून मारेल, असं वाटलं होतं; मारली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “शपथ घेतली होतीस ना रे?” आणि सूप ढवळायला लागली.

सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी रोपवेच्या शेवटच्या खेपेसाठी सगळं गाव खाली जमलं. रोपवेवाल्याने तिच्यासाठी एक खुर्ची फुलांनी सजवली होती. खुर्ची आली ती रिकामी. नेसा चालत निघाली होती. पातेली, पळ्या, नवऱ्याचा फोटो, सगळं हातगाडीवर घालून, एकटी, माझ्या वाटेने. मी धावत वर गेलो. गाडी माझ्याकडे दे म्हटलं तर देईना. आम्ही दोघं खाली आलो. गाडी कुठे अडखळली नाही, एक पळीसुद्धा वाजली नाही.

खाली पोचल्यावर तिने घाम पुसला आणि वाटेकडे वळून बराच वेळ बघितलं.

“चांगली केलीस रे,” ती म्हणाली. तिने ते मनापासून म्हटलं, त्यात टोमणा नव्हता. तेच मला सहन झालं नाही. “आता मला एवढं सांग, हिच्यावरून वर जायचं कोणी, आणि कशाला?”

मी तिथेच वाटेवर बसलो आणि सगळ्या गावासमोर हमसून हमसून रडलो.