बायजाची मागं पडणारी पावलं

पानं सुटलेलं, उन्हातान्हात दमलेलं मी एक विलायती पुस्तक आहे, मित्रांनो. साहेबानं मडमेला धरून कसं नाचावं, ते मी चित्रांतून शिकवतो. काळी पावलं पुरुषाची, पांढरी बाईची. पुण्याच्या लष्करातल्या एका क्लबात माझी उमेदीची वर्षं सरली. स्वातंत्र्य आलं, साहेब मायदेशी गेले आणि मी रद्दीत पडलो. तिथला वाढपी येसाजी नोकरी सुटल्यावर मला आपल्या गावी, मुळशीला घेऊन आला, बायकोला मडमा दाखवायला. बायजा एकदाच हसली. मग कित्येक वर्षं मी भाताच्या कणगीमागं पडून.

एका उन्हाळ्यात बायजा बांधावरून घसरली. हाडवैद्यानं कामट्या बांधून हाड जुळवलं, पण पाय आखडला. भातलावणीत तिचा हात धरणारी बाई गावात नव्हती. सासू सारजाबाईंनी मात्र सांगून टाकलं, की औंदा रांगेत दुसरी बाई उभी करू, हिनं चूल सांभाळावी. बायजाचं जेवणावरचं मनच उडालं.

तेव्हा येसाजीला मी आठवलो. भाताची रोपं लावणारी बाई चिखलात मागं मागं सरकते. माझ्यातली मडमही मागंच सरकते. त्यानं अंगणात राखेची पावलं काढली आणि बायकोचा हात धरला.

"पुस्तकात हाय तसंच करायचं. लाजायचं काम न्हाई."

गावाला फुकटची करमणूक झाली. शेजारची गोजराबाई कुंपणावरून म्हणाली, "येसाजी भावजी, वाजंत्री सांगू का?" येसाजी बायकोच्याच पायावर पाय देई. मी राखेनं मळलो, माझी शिवण उसवली; पण गुडघा हळूहळू वाकू लागला.

आषाढात बायजा रांगेत उभी राहिली आणि रोपं लावत, मागं सरकत बांधापर्यंत पोचली. सासूबाई कौतुकात कंजूष; त्यांनी तिला तिची नेहमीची कडेची, मानाची जागा तेवढी दिली. माझं नाव कुणीच काढलं नाही. येसाजीनं एकदा मला बाहेर काढलं, तर बायजा म्हणाली, "आता कशाला? चालतुया की पाय." तो मला परत कणगीमागं ठेवून आला. त्याचा उतरलेला चेहरा मी पाहिला.

पुढं भात कापून झालं. दिवसभर भारे वाहून आलेली बायजा उंबऱ्यावर टेकली.

"अवो, पाय पुन्ना आखडल्यावानी वाटतुया. ते पुस्तक काढा."

पाय ठणठणीत होता, मित्रांनो. येसाजीलाही ते दिसलंच असणार. राख आणायला तो जवळजवळ पळत गेला.

आता मला कसर लागली आहे. फार मागणं नाही. जुन्या माणसांना आणि जुन्या वस्तूंना काही काम नसतानाही कधीतरी बाहेर काढत जा.