शिशाचा बैल

एकोणऐंशी साली कॅम्पातल्या बंगल्यांतून निघालेली शिशात मढवलेली जुनी वायर कल्लाप्पा भंगारवाला घरी आणायचा.

"जाळूया की गं, तांबं लगेच सुटतंय."

"आणि धूर पोरानं खायचा व्हय?" त्याची बायको शेवंता फणकारायची आणि दीड वर्षाच्या बाळ्याला शेजारी बसवून सुरीनं शिसं सोलायची. मऊ शिसं हवं तसं वळायचं. तिनं त्याचा बैल करून बाळ्याला दिला. तो दिवसभर चघळायचा.

पुढं त्याचं पोट दुखू लागलं, पावलं अडखळू लागली. शिसं पोटात जाऊन विष भिनलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. शेवंतानं बैल हिसकावून घेतला. बाळ्या हात पसरून रडू लागला.

"चुकलं रं राजा," ती म्हणत राहिली, "आईचंच चुकलं."