मामाआधीचा घास

वच्छलाबाईंनी पोरीकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं. गोड शेंगापोळी वाढली की "दात ठणकतोय" म्हणायचं. इन्सुलिनचं इंजेक्शन हॉटेलच्या बाथरूममध्ये, कडी लावून घ्यायचं. साखर एकदम उतरली तर लागणारी ग्लुकोजची पुडी तर त्यांनी निघताना राजश्रीच्या पर्समधून काढून टीव्हीपाशीच ठेवली. आजकालच्या पाव्हण्या बाया, कुणाची पर्स कधी उघडतील नेम नाही! राजश्रीला शाळेपासून साखरेचा आजार होता, आणि आधीची दोन स्थळं तेवढ्यावरूनच परत गेली होती. हे तिसरं, वैरागचं. मुलगा अभिमन्यू, शांत आणि नोकरीला लागलेला. सुपारी फुटेस्तोवर ब्र काढायचा नाही, असं ठरलं होतं. म्हणजे वच्छलाबाईंनी ठरवलं होतं.

सात रस्त्याजवळच्या त्या हॉटेलात सुरुवात तर झकास झाली. नागूबाईनं शेंगापोळी पुढं केली, तेव्हा राजश्री ठरल्याप्रमाणं "दात ठणकतोय" म्हणाली. वेटर म्हणाला, "भाकऱ्या तव्यावर हायती, आणतोच." राजश्री उठली आणि दोन भाकरींच्या हिशोबानं बाथरूममध्ये इंजेक्शन टोचून आली. भाकऱ्या आल्या, शेंगाभाजी आली. राजश्री हात पुढं करणार, तोच अभिमन्यूची आई नागूबाई म्हणाली, "जरा दम धरा की. माझा भाऊ अक्कलकोटहून निघालाय. आमच्यात मामानं पहिला घास मोडल्याबिगर ताटाला कुणी हात लावत न्हाय."

वच्छलाबाईंचे यजमान कुंडलिकराव मामांना आणायला बाहेर रस्त्यावर गेले. भाकऱ्या गार पडू लागल्या. मामा थांबतील, पाव्हणे थांबतील, पण अंगात गेलेलं इंजेक्शन कुणाच्या मामाची वाट बघतंय होय!

"पोरगी लई लाजतीया," नागूबाई हसून म्हणाली. "घाम फुटलाय बघा."

डोक्यावर पंखा गरगरत होता आणि राजश्रीच्या कपाळावरून घाम निथळत होता. तिनं पर्स उघडली, आतले कप्पे चाचपले, मग आईकडं बघितलं. त्या नजरेनं वच्छलाबाईंचं काळीज चिरलं. पुडी कुठं आहे ते त्यांनाच ठाऊक होतं.

त्या उठल्या नाहीत. देवा, दोनच मिनिटं, येतीलच मामा, असं म्हणत दाराकडं बघत बसल्या. आईच ती, पण त्या घडीला तिला पोरीआधी सुपारी दिसली.

"कुठल्या शाळेत शिकवता तुम्ही?" अभिमन्यूनं विचारलं.

राजश्री काहीतरी पुटपुटली. जीभ जड झाली होती. पाण्याचा पेला उचलायला गेली आणि तो हातातून निसटून ताटात आडवा झाला.

"साखर आणा!" वच्छलाबाई अशा ओरडल्या की शेजारच्या टेबलावरची माणसं वळली. "अहो, साखर! पळा!"

वेटरनं वाटीभर साखर आणली. वच्छलाबाईंनी ती पाण्याच्या दुसऱ्या पेल्यात ओतली, बोटानंच ढवळली आणि पेला पोरीच्या ओठाला लावला. "पी माझे बाई. पी." राजश्री घोट घोट प्यायली. हळूहळू तिची नजर ठिकाणावर आली. वच्छलाबाईंनी गार भाकरी मोडली, भाजीत बुडवली आणि तिच्या तोंडात घास घातला.

नागूबाईचा चेहरा बदलला. "दात ठणकतोय म्हणून शेंगापोळी नको होती, आन आता साखर चालती व्हय?"

तेवढ्यात कुंडलिकरावांच्या मागोमाग मामा आले. उदयसिंह, फेटेवाले, रुबाबदार. ताटाकडं बघून दारातच थांबले. "माझ्याबिगर सुरुवात केली?"

आता एक थाप मारली असती, चक्कर आली होती एवढंच म्हटलं असतं, तरी निभावलं असतं. वच्छलाबाई उभ्या राहिल्या.

"व्हय, केली. माझ्या पोरीला साखरेचा आजार हाय. इंजेक्शन घेतल्यावर तिला थांबून चालत न्हाय. तिचं औषध मीच घरी लपवून ठेवलं, तुमाला कळू नये म्हणून. आज माझ्या हातानं पोर गेली असती." त्यांचा आवाज फाटला. "सुपारी फोडा न्हाईतर उठून जावा. पण तिचा घास आता कुणासाठी थांबायचा न्हाय."

मामांनी बहिणीकडं बघितलं. नागूबाईनं पदर सावरला आणि पर्स उचलली. अभिमन्यू मान खाली घालून बसला होता.

राजश्रीनं पहिली भाकरी संपवली. ताटातली दुसरी सांडलेल्या पाण्यानं भिजून गेली होती. अभिमन्यूनं आपल्या ताटातली भाकरी उचलली आणि तिच्यापुढं ठेवली.

"अभि, ऊठ," नागूबाई म्हणाली.

"त्यांची एक राहिलीय, आई," तो म्हणाला आणि जागचा हलला नाही.