आतून बांधलेली भिंत

डेट्रॉइटच्या पूर्वेकडचा तो मोटारींचा कारखाना कित्येक वर्षं ओस पडला होता. अखेर पाडायचं ठरलं, तेव्हा त्यातली कुठली इमारत आधीची, कुठली मागून जोडलेली, हे एकदा शोधून लिहून ठेवावं म्हणून व्हर्ना टॉलिव्हरला बोलावलं. भिंतींची वयं काढणं हाच तिचा धंदा. सोबतीला होता राखणदार झिग्मुंट हायडुक. जन्म कारखान्याशेजारच्या पोलिश वस्तीतला आणि तोंडाला कधी कुलूप नाही.

जानेवारीतली दुपार होती. तिसऱ्या मजल्यावर काँक्रीटच्या खांबांच्या रांगेत व्हर्नाला एक विटांचा खांब दिसला, रांग सोडून उभा. चुना पाहावा म्हणून तिनं हातमोजा काढून हात लावला. खांब कोमट होता.

"झिगी, इथं हात लावा बरं."

"हात बधिर झालेत तुमचे, बाई. आता मेलेलं मांजरसुद्धा ऊबदार लागेल तुम्हाला," म्हणत त्यानं हात लावला, चटकन काढला आणि विजारीला पुसला.

दोघं खाली उतरले. दुसऱ्या मजल्यावर तोच खांब, जास्त गरम. तळमजल्यावर तो एका मोठ्या चौकोनी बांधकामात शिरत होता. तीन बाजू काँक्रीटच्या, समोर विटांची भिंत, दार कुठंच नाही. भिंतीच्या सांध्यांतून चुन्याचे ओघळ तसेच लोंबत वाळले होते.

"गवंडी आळशी दिसतो," व्हर्ना म्हणाली. "पण खांब नाही हा. हे धुराडं आहे. खालच्या विटा तर कारखान्याहून जुन्या."

झिग्मुंट खोक्यावर बसला. "आजी सांगायची. आम्ही पोरं झोपत नव्हतो ना, म्हणून सांगते असं वाटायचं."

"काय सांगायची?"

"कंपनीनं अख्खी गल्ली विकत घेतली. एकटी कुल्पाबाई हटली नाही. गवंड्याची विधवा. मग तिच्या घराला वळसा घालून खांब उभे केले, वरून स्लॅब टाकला. भर दुपारी दिवा लावून स्वयंपाक करायची, म्हणे. पुढं ती कुणाला दिसलीच नाही."

"शोधलं नाही कुणी?"

"लेकीकडं शिकागोला गेली, असं कंपनीनं सांगितलं. लेक होती कुठं तिला?"

व्हर्नानं पहार मागितली. झिग्मुंटनं छातीवर क्रूसाची खूण केली, पण पहार आणली.

माणूस शिरेल एवढं भगदाड पडलं. बॅटरीच्या उजेडात पलीकडं लाकडी घर उभं होतं. ओसरी, दोन पायऱ्या, पांढरा रंग. त्यावर ऊन पडलं नव्हतं की पाऊस. काल रंगवल्यासारखं दिसत होतं.

व्हर्ना एकटीच आत शिरली. घरात धूळ दाट होती आणि तिच्यावर पाऊलखूण नव्हती. पलंगावरची चादर ताणलेली. मागचं दार आत ओढलं, तर समोर काँक्रीट. ओतताना त्यावर दाराच्या फळ्यांचे ठसे उमटले होते. व्हर्नानं लोखंडी चुलीवर हात ठेवला. बर्फासारखी गार. माळा पाहिला, तळघर पाहिलं. माणूस नाही, हाडही नाही.

बाहेर पडताना बॅटरीचा झोत विटांच्या भिंतीवर गेला आणि व्हर्ना थांबली. या बाजूनं सांधे गुळगुळीत होते. विटांमधल्या फटी, म्हणजे दर्जा, नेटक्या भरलेल्या, एकेक ओळ थापीनं निगुतीनं घोटलेली. ओसरीवर चुन्याचं घमेलं होतं, त्यात थापी घट्ट रुतून बसलेली.

"काय झालं?" झिग्मुंटनं बाहेरून विचारलं.

"तिला कोंडलं नाही कुणी," व्हर्ना हळूच म्हणाली. "गवंडी ज्या बाजूला उभा असतो, त्याच बाजूला दर्जा भरतो. भिंत आतून बांधलीय, झिगी. अगदी वरच्या विटेपर्यंत."

"मग ती गेली कुठं?"

मागं घरात चुलीचं झाकण सरकवल्याचा आवाज झाला. सावकाश, रोजच्या सवयीनं कुणी सरकवावं तसा. व्हर्नानं वळून पाहिलं नाही. झिग्मुंटनं तिचा दंड धरून तिला बाहेर ओढलं.

दोघांनी पडलेल्या विटा रचायला घेतल्या. चुना नव्हता, नुसत्या रचल्या. काम संपल्यावर झिग्मुंटनं टोपी काढली आणि भिंतीकडं तोंड करून पोलिशमध्ये काहीतरी म्हणाला. माफी मागितली, असं त्यानं नंतर गाडीत सांगितलं.

व्हर्नानं अहवालात घराचं अंदाजे साल लिहिलं. भिंतीपुढं लिहिलं, 'बांधकाम आतून. बांधणारी: श्रीमती कुल्पा.' आठवड्यानं मालकांच्या कचेरीतून फोन आला. आतून म्हणजे चूक झालीय का, बांधणारी बाहेर कशी आली मग, असं एक तरुण मुलगी विचारत होती.

"चूक नाही," व्हर्ना म्हणाली. "तसंच राहू दे."

एप्रिलमध्ये यंत्रं आली. झिग्मुंटनं त्याआधीच नोकरी सोडली होती. व्हर्ना मात्र गेली आणि कुंपणाबाहेर, घर पडेपर्यंत उभी राहिली.