पट्टीने बांधलेली वेणी

मावशीच्या मांडीतल्या कॅन्सरच्या गाठीचा आंबटपणा औषधाने उतरला की नाही, एवढंच आज बघायचं होतं. उतरला असेल तर तेच औषध पुढे चालू, नाहीतर मांडीची कापाकापी. भाची हॉस्पिटलच्या एमआरआय विभागातच तंत्रज्ञ होती आणि सिरिंज घेऊन धावायचं काम तिचंच.

शेजारच्या खोलीत एका यंत्रात खायच्या सोड्याची चिमूट थंडीच्याही पलीकडच्या थंडीत ठेवलेली असे. तिथे तिच्यातले कण एका दिशेला तोंड करून उभे राहत. मग ती गरम पाण्यात विरघळवून शिरेत सोडली, की एमआरआयच्या चित्रात लख्ख उजळायची. पण तो उजेड मिनिटभराचा पाहुणा. गाठ जितकी आंबट, तितका सोड्यातून निघणारा वायू जास्त. त्या प्रमाणावरून डॉक्टर आंबटपणा मोजत.

"म्हणजे सोड्यावर लिंबू पिळल्यावर फसफसतं तसंच की," मावशी म्हणाली होती. "त्यासाठी एवढं मोठं धूड?"

चुंबकाच्या खोलीत लोखंड चालत नाही. भाचीने केसांतल्या पिना दारातच काढल्या नि ती धावली. सोड्याचं पाणी शिरेत गेलं. मावशीचे पाय यंत्रात, डोकं बाहेर. यंत्र ठोके द्यायला लागलं आणि मावशी कोपरावर उठली.

"अगं, झिंज्या सोडून कुठे धावतेस? लोक म्हणतील, हिला वाढवलं तरी कोणी!"

चित्र फिसकटलं. उजेड विझला.

"आणखी एकच नमुना आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "थंड व्हायला तासाच्या वर लागेल."

मावशीचा चेहरा उतरला. "मेली माझी जीभ! बांधून ठेव गं मला."

"तुला कशाला? मलाच बांध." भाची तिच्यापुढे पाठ करून बसली.

मावशीची बोटं केसांत फिरू लागली. "एक पेड तुझ्या आईचा, एक माझा, मधला तुझा," ती जुन्याच चालीवर पुटपुटली. "तेलाशी भांडण आहे का तुझं?"

"वेळ कुठे असतो?"

"धावायला बरा असतो." मग आवाज खाली गेला. "आंबटच निघाली तर गं?"

"तर पुढचं पुढे बघू. हलली नाहीस तर कळेल तरी."

मावशीने जखमेच्या सुती पट्टीचा तुकडा घेऊन शेंडा घट्ट बांधला.

दुसऱ्यांदा भाची धावली तेव्हा वेणी पाठीवर नाचत होती. मावशीने ती डोळे भरून पाहिली आणि ओठ गच्च मिटले. ठोके संपेपर्यंत तिच्या पायाची करंगळीसुद्धा हलली नाही.

डॉक्टर पडद्याकडे वाकले. औषधाआधीचं चित्र शेजारी लावलं. तेव्हा गाठ भोवतालच्या मांसापासून वेगळी उठून दिसत होती. आता दोन्हींचा रंग जवळजवळ एकच झाला होता.

"आंबटपणा उतरलाय की! औषध चालू ठेवू."

भाचीने माइकचं बटण दाबलं. "मावशी, उतरलाय गं!"

काचेतून बघितलं तर ओठ अजून मिटलेलेच, डोळे मात्र वाहत होते.

"झालं मावशी. बोल आता."

"कधीची थांबलेय!" मावशीने मोठा श्वास सोडला. "वेणी डावीकडे कललीय तुझी. ये इकडे, परत घालते."

भाची आत गेली आणि तिच्यापुढे पाठ करून बसली.