अनुराधपुरात मला काढून ठेवलं

मी मोजा बोलतोय. जोडीतला डावा. उजवा माझ्याच शेजारी असतो, पण तो स्वभावाने थंड, ड्रॉवरमध्ये टाकला की लगेच झोपतो. मला मात्र एका जागी स्वस्थ बसवत नाही. घडी केली की मी उलगडतो आणि ड्रायरमधून सगळ्यात शेवटी निघतो. माझ्यावर एकच काम सोपवलेलं होतं, रत्नाबाईंचा डावा पाय सांभाळायचं. ते कसं पार पडलं हे सांगितल्याशिवाय माझ्या जिवाची घालमेल थांबणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पण मी साधासुधा मोजा नाही हं, खास मधुमेहाच्या पेशंटसाठी विणलेला आहे. वर घट्ट इलॅस्टिक नाही, बोटांपाशी टोचणारी शिवण नाही आणि रंग पांढराशुभ्र. पांढरा कशासाठी, तर जखम झाली की डाग लगेच दिसावा म्हणून. ज्या पायांना आपलं दुखणं कळत नाही, त्यांच्यासाठी आम्ही असतो.

अमेरिकेत, अर्विंगमधल्या एका औषधांच्या दुकानातून कादंबरीने आम्हाला घरी आणलं. कादंबरी नागपूरची, इथे आयटीत नोकरीला. तिची आई रत्नाबाई सहा महिन्यांसाठी लेकीकडे आली होती. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, वीस वर्षांची शुगर, तळव्यांची जाणीव जवळजवळ गेलेली. घरात तिसरी नैना, कादंबरीची अकरा वर्षांची लेक. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत मिळतं.

"आई, प्रॉमिस कर. एक मिनिटसुद्धा बेअरफूट चालायचं नाही," कादंबरीने बजावलं.

"घालते वो बाई. मी काय नर्सरीतली पोरगी आहे?"

रत्नाबाईंना आयुष्यात एकच जागा पाहायची होती. दीक्षाभूमीवरचा पिंपळ श्रीलंकेतल्या अनुराधपुराच्या बोधिवृक्षाचा वंशज आहे, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांच्या मनात होतं की एकदा मूळ झाडापर्यंत जाऊन यायचं. वडील गेले, मग नवराही गेला, आणि जायचं राहूनच गेलं. या मार्चमध्ये कादंबरीने नैनाच्या स्प्रिंग ब्रेकला आपली रजा जोडली आणि तिकिटं काढली.

मी हरखून गेलो. विमानात उजवा घोरत पडला होता आणि माझ्या अंगात नुसती चुळबुळ चालली होती.

आधी पोलोन्नरुवाला गेलो, लंकेच्या जुन्या राजधानीत. तिथे बुद्धमूर्तीच्या किंवा स्तूपाच्या आवारात शिरताना पादत्राणं बाहेर काढायची पद्धत आहे. दगड असा तापतो की विचारू नका. पर्यटक मोजे घालून हिंडत होते आणि कोणी हरकत घेत नव्हतं. जिकडेतिकडे आमचीच बिरादरी! खडकात कोरलेला एक भलामोठा पहुडलेला बुद्ध होता. मी मोजा, माझी नजर आधी पावलांकडेच जाणार. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित मागे होतं. "हे झोपलेले नाहीत, हे महापरिनिर्वाण आहे," गाइड म्हणाला, "ते पावलांवरून ओळखायचं." रत्नाबाई त्या पावलांसमोरून हलेचनात.

दोन दिवसांनी अनुराधपूर. भर दुपार, समोर आभाळात गेलेला पांढरा स्तूप आणि भोवती फरसबंद अंगण. कादंबरी कमळाची फुलं घ्यायला रांगेत उभी राहिली. पांढऱ्या कपड्यांतल्या, रत्नाबाईंच्याच वयाच्या बायका अनवाणी पुढे निघाल्या होत्या. रत्नाबाईंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला तेव्हाच धस्स झालं. त्या ओट्यावर टेकल्या, आधी उजव्याला काढलं, मग मला.

"आजी, मम्मा सेड नो!" नैना म्हणाली.

"चपला बाहेर आणि मोजे आत? हेही पायातलंच नं, बेटा. मम्मीला सांगू नको."

आम्हाला घडी करून पर्समध्ये टाकलं. चेन अर्धी उघडी होती, त्यातून मी पाहत होतो. कादंबरी फुलं घेऊन आली, तोवर रत्नाबाईंच्या लांब पांढऱ्या साडीने पाय झाकले होते. त्यांनी स्तूपाला तीन फेऱ्या घातल्या. नैना मोज्यांतसुद्धा एका पायावरून दुसऱ्यावर उड्या मारत होती. रत्नाबाई शांतपणे, एकेक पाऊल टाकत चालल्या. लोकांना वाटलं असेल, काय ही श्रद्धा! मी पर्समध्ये तडफडत होतो.

मग बोधिवृक्ष. सोनेरी कठड्याआड, टेकूंवर फांद्या पेललेलं म्हातारं झाड. रत्नाबाईंनी फुलं ठेवली, हात जोडले आणि हमसून हमसून रडल्या. "बाबा, आले मी," एवढंच म्हणाल्या. ते ऐकून मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू? पण परत पायावर चढलो तेव्हा कातडी ओली लागली. दोन्ही तळव्यांना फोड आले होते, आणि डाव्या अंगठ्याखालचा फुटला होता.

संध्याकाळपर्यंत माझ्यावर रुपयाएवढा तांबूस डाग पडला. हॉटेलच्या बाथरूममध्ये रत्नाबाईंनी तो पाहिला. मला वाटलं, आता लेकीला हाक मारतील. त्यांनी बेसिनमध्ये पाणी सोडलं, साबण घेतला आणि मला खसाखसा धुतलं. मला तेवढा एक डागच बोलता येत होता, तोही त्यांनी धुऊन टाकला. मला राग आला. आजही येतो.

पुढे सिगिरियाच्या खडकावरची राजधानी आली. "तुम्ही चढा, मी खाली सावलीत बसते," म्हणाल्या. कँडीतही तेच. रोज रात्री मी साबणाच्या पाण्यात.

अर्विंगला परतल्यावर तिसऱ्या दिवशी कादंबरीने कपडे धुवायला काढले आणि मी तिच्या हातात आलो. तिने मला नाकापाशी नेलं, तशीच धावत आईच्या खोलीत गेली आणि पांघरूण बाजूला केलं.

"आई! हे काय आहे? कधीपासून?"

"ओरडू नको. वर्षात दहा दिवस रजा मिळते तुला. ट्रिप खराब झाली असती नं."

"ट्रिप? तुझा पाय गेला असता, आई! मोजे का काढलेस?"

"मी साठ वर्षं वाट पाहिली. त्या झाडासमोर मोजे घालून उभी राहू?"

दारात नैना उभी होती. "आय न्यू, मम्मा," ती म्हणाली, "आजी टोल्ड मी नॉट टू टेल." कादंबरी पलंगाच्या कडेला बसली. तिने एका हाताने नैनाला जवळ घेतलं, दुसरा हात आईच्या पायावर होता. मी फरशीवर पडून होतो. नंतर कोणीतरी मला उचलून मशीनमध्ये टाकलं.

उजव्या पायाचे फोड लवकर सुकले. डाव्या अंगठ्याची जखम हाडापर्यंत गेली होती. हॉस्पिटल, सलाईन, पुन्हा हॉस्पिटल. मी आठवडेच्या आठवडे ड्रॉवरमध्ये, दारातला प्रत्येक आवाज ऐकत. एका मंगळवारी अंगठा काढावा लागला.

जखम भरल्यावर मला पुन्हा त्या पायावर चढवलं. जिथे अंगठा असायचा तिथे मी पोकळच राहिलो. रत्नाबाईंनी ते रिकामं टोक चिमटीत धरलं, हळूच दुमडून खाली सरकवलं आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

उद्या त्या नागपूरला निघतील. तिथे त्या एकट्याच राहतात. नैनाने परस्पर ठरवून टाकलंय, रोज सकाळी शाळेची बस यायच्या आधी व्हिडिओ कॉल. तेव्हा नागपुरात संध्याकाळ असते. आज रंगीत तालीम झाली. आजी बेडरूममध्ये, नात किचनमध्ये.

"कोणाला तळवे काय दाखवायचे? बरं दिसतं का ते?" रत्नाबाई कुरकुरल्या आणि उजवा पाय फोनसमोर धरून पटकन खाली घेतला. "झालं."

"लेफ्ट, आजी."

रत्नाबाईंनी डावा पाय मांडीवर घेतला. मग त्यांनी मला काढलं. नैना बराच वेळ पाहत राहिली.

"डज इट हर्ट?"

"नाही गं."

"आय नो. दॅट्स व्हाय आय हॅव टू सी इट."

रत्नाबाईंनी पाय तसाच वर धरून ठेवला, नैना "ओके" म्हणेपर्यंत.

मी आता बॅगेत आहे, आणि अजून स्वस्थ नाही. नागपुरात त्यांनी फोन उचललाच नाही तर? रेंज नाही म्हणाल्या तर? लेकरांना काळजी नको म्हणून ही माणसं काय काय लपवतील, काही नेम नाही. तुम्ही मोठ्यांच्या पाया पडायला वाकता, तेव्हा तुम्हाला पावलाची वरची बाजू दिसते. माझी एवढीच विनंती आहे, कधीतरी तुमच्या आईचा मोजा काढून तळवाही बघा. ती नको नको म्हणेल. म्हणू द्या.