सदुसष्टमधला ष्ट

"सदुसष्ट. अडुसष्ट. एकोणसत्तर," स्वयंपाकघरात मिक्सर चालू ठेवून ताई म्हणाल्या, आणि बाहेरच्या खोलीत फोन कानाला लावून बसलेल्या त्यांच्या भाचीने वहीत लिहिलं: सदुस, अडुस, एकोणसत्तर.

मिक्सर बंद करून ताई बाहेर आल्या, वही पाहिली, डोक्यावरचे काळे हेडफोन उतरवले आणि त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"ष्ट खाल्ला की याने," त्या म्हणाल्या. "उपाशी होता का मेला?"

भाची हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी राहिली. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कामाला होती आणि दुकानाच्या चॅनेलसाठी तिला एक व्हिडिओ करायचा होता. गेम खेळणाऱ्यांसाठी बनवलेले हे वायरलेस हेडफोन, खेळाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांच्या रोजच्या कामाला येतात का, असा विषय. त्यासाठी रविवारी सकाळीच ती तीन जोड घेऊन मावशीकडे थडकली होती. मावशीच का, तर आवाजाच्या बाबतीत या घराण्यात तिच्याएवढं चोखंदळ माणूस दुसरं नव्हतं.

एकतीस वर्षं ताई बसस्थानकावर सूचना द्यायच्या. "कृपया लक्ष द्या" हे शब्द त्यांच्या तोंडून इतक्या वेळा गेले होते, की अख्खं स्थानक त्यांना लक्षद्याताई म्हणायचं. खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या काचेच्या केबिनला कुलूप लागलं आणि सूचना यंत्र देऊ लागलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं सगळे यंत्राबद्दल म्हणाले, पण ताईंचं दुःख निराळंच होतं. यंत्राला आकडे म्हणता येत नव्हते. सदुसष्टला ते म्हणायचं "सहा, सात". झालं, अर्धी माणसं पिशव्या उचलून सहा नंबरच्या बसकडे पळायची, अर्धी सातच्या, आणि सदुसष्ट रिकामी निघून जायची. ताई आता हरवले-सापडलेच्या खिडकीत बसून लोकांच्या विसरलेल्या छत्र्या सांभाळत होत्या आणि ही पळापळ रोज बघत होत्या. माझी खुर्ची घेतलीत ती घ्या, पण आकडा तरी धड म्हणा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यांनी साहेबांकडे तीन अर्ज केले. तिसऱ्याला उत्तर आलं. यंत्र बसवणाऱ्या कंपनीचा माणूस गुरुवारी येणार होता, पुन्हा वर्षभर येणार नव्हता. एक ते शंभर आकडे कुणी स्वच्छ रेकॉर्ड करून दिले तर तो ते यंत्रात घालणार होता. ताईंनी हौसेने फोनवर रेकॉर्ड करून पाठवले. आवाज घुमतोय, भांड्यात बोलल्यासारखा वाटतोय, म्हणून परत आले. गुरुवार चार दिवसांवर होता, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ताई निवृत्त होणार होत्या.

अशात भाचीने तीन माइकवाले हेडफोन टेबलावर मांडले. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो तीन, अशी गत झाली. भाचीला व्हिडिओ हवा होता, ताईंना ष्ट हवा होता. दोघींनी कंबर कसली.

ताईंनी आधी तिघांना नावं ठेवली. एक काळा, एक गोरा, आणि तिसऱ्याच्या दोन्ही कानांवर रंगीत दिवे फिरायचे म्हणून त्याचं नाव सर्कस. मग वहीत रकाने पाडले: स्वयंपाक, फिरणं, फोन, टीव्ही, वामकुक्षी. भाची म्हणाली, वामकुक्षी कशाला? ताई म्हणाल्या, घरातला सर्वांत मोठा कार्यक्रम तोच असतो.

काळा स्वयंपाकात पहिला आला. मिक्सरची घरघर तो अशी गिळायचा की मिक्सर बंद आहे असं वाटून ताईंनी एकदा झाकण उघडलं आणि ओटाभर शिंतोडे उडाले. पण घरघर गिळता गिळता तो बोलणाऱ्याचा ष्टही गिळायचा. त्याला दोन्ही एकच वाटायचे. गोरा फिरायला बरा, हलका, चष्म्याच्या काड्या कानावर न रुतवणारा. सर्कसबरोबर लॅपटॉपला लावायची एक छोटी खुंटी होती, सर्कसला आवाज तिच्यातूनच मिळायचा; ती ताई लॅपटॉपलाच विसरून बाहेर पडल्या आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापाशी गाणं बंद पडलं. ताई तीन पावलं मागे, गाणं चालू. तीन पावलं पुढे, बंद. असं त्यांनी इतक्या वेळा केलं की न्हाव्याने बाहेर येऊन विचारलं, काही हरवलंय का. ताईंनी पावलं मोजून वहीत लिहिली: सर्कस, घरापासून बावन्न पावलं.

टीव्हीची परीक्षा ताईंच्या यजमानांनी घेतली. ते निवृत्त ड्रायव्हर, कमी बोलणारे. गोरा फोनला जोडतात तसा, खुंटीशिवाय, टीव्हीला जोडला तर बातम्या देणारीचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, हे त्यांनी लगेच ओळखलं. सर्कसची खुंटी टीव्हीला लावल्यावर ओठ आणि शब्द बरोबर जुळले. वामकुक्षीत मात्र तिन्ही नापास झाले. कुशीवर वळलं की कान चेपायचा. यजमानांनी शेरा मारला की झोपेला हेडफोन लागत नाहीत, झोप लागते.

मंगळवारी भाची म्हणाली, अगं पण एकदा खेळून तर बघ, ज्याच्यासाठी बनवलेत ते तरी तपासायला नको का? ताईंनी सर्कस चढवला. चार अनोळखी गडी, पाचव्या ताई, आणि एक ओसाड गाव. बंदूक कशी धरायची ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण पावलं ऐकू आली. डाव्या बाजूला मागून, खडीवरून, तिघांची. ताईंनी खरोखरच मान वळवून मागे पाहिलं, तिथे यजमान चहाचा कप घेऊन उभे होते. मग त्यांनी माइक गालाच्या कोपऱ्याला सरकवला, केबिनमध्ये सरकवायच्या तसा, आणि त्या म्हणाल्या,

"कृपया लक्ष द्या. तीन इसम डाव्या बाजूने, मागून येत आहेत. कृपया लक्ष द्या."

चार गडी गर्रकन वळले. पुढच्या पाच मिनिटांत ताईंनी एकही गोळी न झाडता डाव जिंकून दिला. त्यातला एक गडी विचारत होता की या काकू उद्या येणार का. भाची टाळ्या पिटत होती. ताईंचे गाल लाल झाले होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या सांगण्यावरून वळलं होतं.

पण त्या एकदम कानांवरचे हेडफोन चाचपू लागल्या. भाचीने विचारलं, काय झालं, दुखतंय का?

"मला कानात कुणीतरी बाई ऐकू येत होती," ताई म्हणाल्या. "माझ्याबरोबरच बोलत होती."

भाचीने समजावलं की ती तूच. सर्कसमध्ये सोय आहे, बोलणाऱ्याला आपलाच आवाज कानात ऐकू येतो, म्हणजे माणूस उगाच ओरडत नाही. ताईंनी पुन्हा माइक ओढला आणि हळूच म्हणाल्या, सदुसष्ट. केबिनची काच जाड होती, कर्णे बाहेर फलाटावर होते. एकतीस वर्षांत आपला आवाज बाहेर कसा जातो ते त्यांना कधी कळलंच नव्हतं. तो त्यांना वाटायचा त्यापेक्षा खालच्या पट्टीतला होता, आणि त्यात घाई अजिबात नव्हती.

"असा आहे होय माझा," त्या म्हणाल्या.

"असाच आहे," यजमान म्हणाले. ते एकोणीस वर्षं सदुसष्टच चालवत होते. "तू सदुसष्ट म्हटल्याशिवाय मी कधी गिअर टाकला नाही."

एवढं मोठं वाक्य त्यांनी लग्नाआधीही टाकलं नव्हतं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही, कारण हेडफोनखाली चष्मा अडकला होता.

बुधवारी निकाल लागला. मावशीचा थेट आवाज कानावर पडू नये म्हणून भाची कपड्यांच्या कपाटात फोन आणि वही घेऊन बसली, ताई स्वयंपाकघरातून बोलल्या, मग अदलाबदल. पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. एकमेकांचे जुळे भाऊ असलेले सगळे आकडे ताईंनी उलटसुलट म्हणून पाहिले. काळ्याने चुका केल्या, गोऱ्याने एक केली, सर्कसने एकही नाही. ज्याला पाहून पहिल्या दिवशी ताईंनी नाक मुरडलं होतं, तोच खरा निघाला. दिसतं तसं नसतं, असं ताईंनी वहीच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं, आणि भाचीने ते तस्संच व्हिडिओत वापरलं.

मग खरं काम. कपाटात आवाज घुमत नाही, म्हणून ताई स्वतःच आत शिरल्या. लटकत्या कोटांच्या आणि घड्या घातलेल्या चादरींच्या मध्ये स्टुलावर अठ्ठावन्न वर्षांची बाई, कानांवर लाल-हिरवे दिवे फिरतायत, आणि ती एक, दोन, तीन म्हणतेय. भाचीने तोंडात रुमाल कोंबला होता. एक्केचाळीसला बाहेर यजमान शिंकले. पुन्हा घेऊ म्हणून भाची उठली, पण ताईंनी हातानेच थांबवलं. लय लागली होती. सदुसष्टला त्या क्षणभर थांबल्या, माइक गालाकडे नेला, आणि तो ष्ट असा म्हणाल्या की भाचीने वहीत लिहायचं सोडून वर पाहिलं.

गुरुवारी साहेबांनी कंपनीच्या माणसाच्या हाती ते शंभर आकडे दिले. त्याने एकदा ऐकले, दुसऱ्यांदा ऐकले आणि विचारलं की हे कुठल्या स्टुडिओत केलं. ताई म्हणाल्या, कपाटात. त्याला ते स्टुडिओचं नाव वाटलं. बाकीचं वाक्य यंत्राचंच राहणार, फक्त आकडे बदलतील, असं त्याने बजावलं. ताई म्हणाल्या, मी आकडेच मागितले होते.

शुक्रवारी सव्वापाचला साहेबांनी फुलं दिली, दोन शब्द बोलले आणि छत्र्यांच्या खिडकीची किल्ली परत घेतली. यजमान न्यायला आले होते. एकतीस वर्षांत ताई फलाटावर प्रवासी म्हणून कधी उभ्या राहिल्या नव्हत्या, कारण घर मागच्याच गल्लीत होतं. आज म्हणाल्या, दोन थांबे का होईना, सदुसष्टने जाऊन येऊ.

तीन नंबरच्या फलाटावर गर्दी होती. ताईंना राहवेना. कंपनीच्या माणसाने आकडे बसवले असतील ना, कुठे अडुसष्टच्या जागी सदुसष्ट तर घातला नसेल ना, एक्केचाळीसमध्ये तुमची शिंक तशीच राहिलीय बरं का, असं त्या यजमानांना एकामागून एक सांगत होत्या. डोक्यावरचा कर्णा खरखरला. यंत्राचा आवाज आला, "बस क्रमांक", आणि ताई उत्साहाने यजमानांचा दंड धरून म्हणाल्या, अहो ऐका, आता बघा हं...

समोरच्या बाईने मागे वळून, ओठांवर बोट ठेवलं.

"ओ बाई, जरा गप्प बसा ना. कुठली बस आहे ते ऐकू द्या."

ताईंनी दंड सोडला आणि तोंड मिटलं. वरून, जराही घाई न करता, खालच्या पट्टीत आवाज आला, "सदुसष्ट." त्या बाईने बोट काढलं, पिशवी उचलली आणि न पळता बसकडे चालू लागली. तिच्या मागे अख्खी रांग निघाली. ताई फुलं सांभाळत रांगेत शेवटी उभ्या राहिल्या.